सरकारला कुणी बांधलं

वराळ्याची अकरा गुंठे जमीन बिल्डरला गेली, तिच्या पैशात दुमजली घर झालं, दारात हप्त्यावर घेतलेली पांढरी गाडी आली. मग अमृतच्या डोक्यात बसलं की एवढ्या घराला शोभेल असं जनावरही पाहिजे. पुण्याहून त्यानं ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं, पंचेचाळीस हजारांना. सोबत एक कागद होता, त्यावर पिल्लाच्या आज्या-पणज्यांची नावं. अमृतच्या वडिलांना, कोंडाजी आबांना, स्वतःच्या पणज्याचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. पिल्लाचं नाव सरकार ठेवलं.

अमृतची बायको स्नेहल तळेगावजवळच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला होती. सकाळी आठ ते पाच उभं राहून फुलं निवडायची, देठाच्या लांबीप्रमाणे वीस-वीसच्या जुड्या बांधायच्या. बोटात काटे कायमचे. वर्षभरात सरकार वासराएवढा झाला. त्याला रोज दीड किलो चिकन, पातेलंभर भात, वर तळेगावहून आणलेल्या खाद्याची गोणी, हाडांसाठी औषध, उन्हाळ्यात स्वतंत्र कूलर. स्नेहलचा महिन्याचा पगार आणि सरकारचं महिन्याचं खाणं जवळपास सारखंच भरायचं. तिनं हे बोलून दाखवलं तेव्हा अमृत हसला. "मग त्याच्यासाठीच कामाला जातेस म्हण की," म्हणाला.

ते वाक्य तिच्या मनातून कधी गेलं नाही.

सरकारची घाण फावड्यानं उचलावी लागे, आणि फावडं स्नेहलच्या हातात असे. अमृतकडं एकच काम होतं. संध्याकाळी साखळी धरून त्याला चौकात न्यायचं. तिथं पोरं फोटो काढायची, गाड्या थांबायच्या, "भाऊ, केवढ्याला घेतला?" असं लोक विचारायचे. अमृत दरवेळी दहा-पंधरा हजार वाढवून सांगायचा. कुत्र्याचा तसा काही दोष नव्हता. तो गरीब स्वभावाचा होता, आबांच्या खाटेखाली मावत नसूनही डोकं खुपसून झोपायचा.

चौथ्या वर्षी तो गुळगुळीत लादीवर घसरायला लागला. मागचे पाय वेडेवाकडे पडायचे. तळेगावच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मानेतल्या मणक्याचा दाब नसेवर येतोय, एवढ्या मोठ्या जातीत हे होतं. ऑपरेशन पुण्यात, दीड-दोन लाख, तरी खात्री नाही. नाहीतर औषधं, खाली रबरी चटई, पोटाखालून पट्टा घालून उभं करणं आणि रोजची सेवा. तसंही या कुत्र्यांना आयुष्य कमी, सात-आठ वर्षं म्हणजे म्हातारपण.

"हे घेतानाच कुणीतरी सांगायला पाहिजे होतं," अमृत म्हणाला.

घेण्याआधी विचारायला आला असतात तर सांगितलं असतं, असं डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं.

त्या दिवसापासून अमृतनं त्याला चौकात नेणं बंद केलं. लंगडत्या कुत्र्याबरोबर फोटो कोण काढणार? औषधं कधी आणायचा, कधी विसरायचा. सरकार हॉलमध्ये पडल्या जागी मुतायचा, आणि मग मान फिरवून भिंतीकडं बघत राहायचा. कोपरांना जखमा झाल्या. स्नेहल पाचला उठून लादी धुवायची, जखमा पुसायची, डबा भरायची, पळत कंपनीची बस गाठायची. एका सकाळी तिचा पाय त्या ओल्यात घसरला, कंबर धरली. ती अमृतवर ओरडली की एकतर याला नीट बघा, नाहीतर कुणालातरी देऊन टाका, माझ्यानं आता होत नाही.

पुढच्याच रविवारी अमृत म्हणाला, पवना धरणाच्या बाजूला एका फार्महाऊसवाल्या साहेबांनी मागितलाय, दोन एकर मोकळी जागा आहे, नोकर आहेत. स्नेहलनं साहेबांचं नाव विचारलं नाही. कुत्र्याला गाडीत चढवायला तिनंच मागून हात लावला. गाडी गेल्यावर तिनं सगळं घर फिनेलनं पुसलं आणि दुपारी दोन तास गाढ झोपली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसणाऱ्या कोमलनं मोबाईल पुढं केला. लोणावळ्याच्या कुठल्याशा ग्रुपवर फोटो आला होता. बंद बंगल्याचं फाटक, फाटकाला साखळी, साखळीला करडा मोठा कुत्रा, आडवा पडलेला. 'रविवारपासून इथे बांधून ठेवला आहे, मालकाने संपर्क साधावा.' कोमल म्हणत होती की बघ, लोक कसे असतात. स्नेहलनं फोटो मोठा केला. उजव्या कानाचं टोक फाटलेलं होतं. पिल्लू असताना तारेच्या कुंपणात अडकून फाटलं होतं ते.

तिनं सुपरवायझरकडून अर्धी सुट्टी घेतली. फुलांचा पिकअप चालवणारा नथू माल टाकून नुकताच परतला होता. तो काही न विचारता निघाला. गाडीत बसल्यावर तिनं अमृतला फोन लावला.

"सरकार कसा आहे हो?"

"मस्त. काल साहेबांनी फोटो पाठवलाय. हिरवळीवर पडलेला असतो दिवसभर."

"बरं. घरी आल्यावर दाखवा."

तिनं फोन ठेवला. कामशेत येईपर्यंत तिनं कोमलकडून तो फोटो आणि बंगल्याचा पत्ता मोबाईलवर मागवून घेतला.

फोटोतला बंगला लोणावळ्याच्या एका उतारावरच्या गल्लीत होता. आसपासचे बंगले झाडणारी चिमाबाई नावाची म्हातारी सरकारजवळ बसली होती. तिनं त्याच्यावर गोणपाट टाकलं होतं, पुढं ॲल्युमिनियमच्या टोपात पाणी ठेवलं होतं. कोपराच्या जखमेत किडे पडले होते. स्नेहलला बघून त्यानं शेपूट जमिनीवर दोनदा आपटलं. उठता आलं नाही.

"तुमचाच ना?" चिमाबाईनं विचारलं. "पांढरी गाडी आलती. मानसानं बांधला, बिस्किटाचा पुडा फोडून फुडं टाकला, आन् गेला. ह्यो तीन दिस रस्त्याकडंच बघतोय. पोसायची ऐपत न्हाई तर आनता कशाला तुमी लोकं?"

नवऱ्यानं केलं, मला माहीत नव्हतं, असं स्नेहलला सांगता आलं असतं. पण ते पुरतं खरं नव्हतं. साहेबांचं नाव तिनं विचारलं नव्हतं, कारण तिला ते कळायला नको होतं. ती खाली मान घालून म्हणाली, "व्हय मावशी. आमचाच."

चिमाबाईनं आणखी बरंच सुनावलं. स्नेहलनं सगळं ऐकून घेतलं. मग तिघांनी मिळून गोणपाटाची झोळी केली आणि त्याला पिकअपमध्ये ठेवलं, गुलाबाच्या रिकाम्या क्रेटांच्या मधे.

तळेगावच्या डॉक्टरांनी दोन तास खपून जखमा साफ केल्या. हा फार तर दोन-तीन महिने काढेल, हवं तर आत्ताच इंजेक्शन देऊन शांत करता येईल, असं म्हणाले. स्नेहलनं विचारलं, याला आत्ता फार दुखतंय का. औषधांनी दुखणं आटोक्यात राहील, पण माणूस लागेल, ते म्हणाले.

"माणूस आहे," ती म्हणाली.

अमृत घरी आला तेव्हा सरकार हॉलमध्ये, पाहुण्यांसाठीच्या गादीवर झोपला होता. अमृत दारातच थांबला. त्यानं आधी विचारलं ते हेच, की कुणी पाहिलं का. मग त्यानं स्पष्टीकरणं द्यायला सुरुवात केली. तूच देऊन टाका म्हणालीस, कुणी घ्यायला तयार नव्हतं, लोणावळ्यात पैसेवाले येतात, कुणीतरी नेईल असं वाटलं, शेवटी खर्च तरी किती करायचा माणसानं. आबा खाटेवर बसून ऐकत होते.

"गाडीच्या हप्त्याला किती घालतोस रं?" त्यांनी विचारलं. "ती काय दूध देती?"

स्नेहलनं पट्टा, औषधाची पिशवी आणि हातमोजे त्याच्या पुढं ठेवले. इतका वेळ दाबून ठेवलेला आवाज आता फुटला.

"मिरवायला तुम्ही आणलात. बांधून तुम्ही आलात. आता हा आहे तोवर सकाळी पाचला तुम्ही उठायचं. तुम्हीच उचलायचं, तुम्हीच पुसायचं. एक दिवस जरी चुकलात, तर तो फोटो चौकात जाऊन मी स्वतः दाखवीन."

अमृत उठू लागला. आधी दात-ओठ खात, नाकाला रुमाल बांधून. पंधरवड्यानं रुमाल गेला. सरकारच्या पोटाखालून पट्टा घालून तो त्याला परसात नेत असे आणि दोघंही धापा टाकत असत. स्नेहल खिडकीतून बघायची. तिला त्याची दया आली नाही. आली असती तरी तिनं दाखवली नसती.

नऊ आठवड्यांनी, एका दुपारी, आबांच्या खाटेशेजारी सरकार गेला. परसातच खड्डा केला. अमृत रडला, आणि ते खोटं नव्हतं. पण संध्याकाळी त्यानं फेसबुकवर जुना फोटो टाकला. चौकातला, साखळी धरलेला, काळा चष्मा लावलेला. वर लिहिलं, 'माझा वाघ गेला. शेवटच्या श्वासापर्यंत साथ दिली.' खाली श्रद्धांजल्यांची रांग लागली.

स्नेहल भाकरी थापत होती. तिनं हात पुसले, मोबाईल घेतला आणि त्याच रांगेत लिहिलं, 'मार्च महिन्यात याला लोणावळ्यात बंद बंगल्याच्या फाटकाला तीन दिवस कुणी बांधून ठेवलं होतं, तेही लिहा.' खाली कोमलकडून आलेला तो फोटो जोडला.

पंधरा मिनिटांत अमृतनं सगळं काढून टाकलं. तोवर गावानं वाचलं होतं. तो स्वयंपाकघरात आला, चेहरा काळाठिक्कर पडलेला.

"माझी इज्जत घालवलीस तू."

"ती तुम्हीच फाटकाला बांधून आलात," स्नेहल म्हणाली. "मी फक्त कुत्रा सोडवून आणला."

महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. चौकातून जायचं टाळायचा, मागच्या रस्त्यानं गाडी काढायचा. दसऱ्याच्या सुमारास ब्रीडरचा मेसेज आला, नवी पिल्लं झालीत, जुन्या गिऱ्हाईकाला सवलत. जेवताना अमृतनं तो वाचून दाखवला, गंमत म्हणून वाचावा तसा, आणि या वेळी जरा लहान जात बघू, असं म्हणाला.

स्नेहल लसूण सोलत होती.

"आणा," ती म्हणाली. "ज्या दिवशी आणाल त्या दिवशी मी सुदुंबऱ्याला बहिणीकडं जाईन. तुम्हाला स्वतःचं आणि पिल्लाचं एकट्यानं करता यायला लागलं की कळवा."

तिचा आवाज चढलेला नव्हता. अमृतनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा आबांकडं. आबा ताटात बघून जेवत होते. त्यानं मेसेज पुसला आणि भाजी वाढून घेतली.