नॉट कुठे टाकायचं

शिवणकामात हयात घालवलेल्या सासूबाईंनी साठाव्या वर्षी इंग्रजी शिकायला घेतलं, ते सुनेपायी. सुनेला मराठीची चार वाक्यं येत, यांना इंग्रजीची तीन. मुलगा-सून परगावी राहत. भेटायला आले आणि मुलगा जरा बाहेर गेला, की या दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत बसायच्या. किती हसणार माणूस? जबडे दुखायचे.

शिकवणीच्या मास्तरांनी परवाच नियम दिला होता, "टू नॉट म्हणायचं नाही. नॉट आधी, टू नंतर." सासूबाईंनी तो घोकून घोकून पाठ केला.

आणि नेमका त्यांचा पाय मुरगळला. कळल्याबरोबर सून रजा टाकून, चार तासांचा प्रवास करून एकटीच दारात हजर. सासूबाईंना भरून आलं. मी ये म्हटलं नव्हतं, तरी आलीस गं बाई, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी शब्द जुळवले, नॉट टूच्या आधी चोख बसवलं आणि ऐटीत म्हणाल्या, "आय टोल्ड यू नॉट टू कम."

सुनेचा चेहरा खर्रकन उतरला. "सॉरी" म्हणून तिने पिशवी उचलली आणि ती बुटांकडे वळली.

आता काय बिघडलं? सासूबाईंनी घाबरून मास्तरांना फोन लावला.

"अहो, येऊ नकोस म्हणून बजावलं होतं, असं म्हणालात तुम्ही तिला," मास्तर म्हणाले.

"पण नॉट टूच्या आधीच टाकलं ना मी."

"इथे ते टेलच्या आधी हवं. डिड नॉट टेल."

हे परवा सांगायला मास्तरांच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? पण भांडायला वेळ कुठे होता. भिंत धरत, लंगडत त्या दाराशी गेल्या. सुनेचा एक बूट पायात होता, दुसरा हातात.

"आय डिड नॉट टेल यू टू कम," सासूबाई एकेक शब्द टाचत म्हणाल्या. "यू केम." तिथे त्यांचं इंग्रजी संपलं आणि त्या रडायलाच लागल्या.

सुनेने हातातला बूट खाली ठेवून आपलं मराठी बाहेर काढलं, "आई, मला न जायचं आहे."

कुठल्याही मास्तराने त्या वाक्यावर लाल रेघ मारली असती. सासूबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.