पाठीमागची लाट

"आत्या, नका ना उठवू त्यांना. परत पडले तर?" सोनिया आतल्या खोलीच्या दारात हात आडवा धरून उभी राहिली.

मंजुळाबाईंनी पिशवी खाली ठेवली, चपला भिंतीकडे सरकवल्या आणि भाचेसुनेकडे बघितलं. "अगं बाई, मी कुठं उठवायले? मी तर आत्ताच उतरले रिक्षातनं. आधी पानी तर दे."

पाणी पीत पीत त्यांनी सोनियाच्या खांद्यावरून आत नजर टाकली. खाटेच्या कडेला काकासाहेब बसले होते. पाय जमिनीला टेकलेले, डाव्या हातानं खाटेचा काठ घट्ट धरलेला, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. संक्रांतीच्या आसपास लकव्याचा झटका आला, तेव्हापासून जिभेनंही संप पुकारलेला. काही विचारलं की 'हं' एवढाच आवाज निघायचा. दवाखान्यातून घरी आल्यावर सुरुवातीला ते वॉकर धरून चार पावलं टाकत होते. मग एकदा न्हाणीच्या दारात पडले. फार लागलं नाही, पण तेव्हापासून खाटेचा काठ काही सुटला नाही.

बाहेरच्या खोलीत त्यांचा मुलगा ऋतुराज फोनवर बोलत होता. "हो हो, तोच. दांडा फिरवला की वर-खाली होणारा. भाड्यानंच पाहिजे. उद्या सकाळी पाठवा, पहिला मजला आहे."

"काय मागवलं रे?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"पलंग, आत्या. दवाखान्यात असतो तसला."

"कामून?"

ऋतुराजनं फोन खिशात टाकला. रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. "डॉक्टर म्हणले, या महिन्यात उभे राहिले तर राहिले, नाहीतर पाय आखडून जातेत. व्यायाम घेणारी मॅडम रोज येती अन् हात जोडून परत जाती. अप्पा काठच सोडत नाहीत. मग निदान सोय तरी करावी लागंल ना?"

"सोय कुनाची रे, राजा?"

बोलून गेल्यावर मंजुळाबाईंनाच वाईट वाटलं. पोरगा वाईट नव्हता. बापाचं सगळं तो आणि सोनिया अंगावर घेऊन करत होते, नाक न मुरडता. पण तो पलंग त्यांच्या ओळखीचा होता. फुलंब्रीला त्यांच्या सासऱ्यांसाठी असाच आणला होता. सासरे मोठे रांगडे गडी. पलंगावर निजले ते चांगल्या दीड वर्षानं खांद्यावरूनच उतरले. पलंग आला की माणूस त्याचा होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दादाचं असं झालेलं त्यांना बघवणार नव्हतं.

त्या आत जाऊन भावाशेजारी खाटेवर बसल्या. काकासाहेबांनी मान वळवून बघितलं आणि परत समोरच्या भिंतीकडे नजर लावली. ती नजर मंजुळाबाईंना ओळखू आली. दादा भ्याला होता.

आता हाच माणूस एकेकाळी कशालाच भीत नव्हता, हे या घरात कुणाला सांगून पटलं नसतं. एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर ब्रेक तपासले, म्हणून असेल, पण संसारातही काकासाहेबांचा पाय कायम ब्रेकवरच. पोराला गावाकडच्या विहिरीत पोहू दिलं नाही. तो घोड्यासारखा वाढला तरी गच्चीच्या कठड्याजवळ गेला की हाक मारायचे.

"ऋतुराज," मंजुळाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "तुझ्या बापानं तुला देवगडचं कधी सांगितलं का रे?"

"आजोबा तिकडं नोकरीला होते, एवढं माहितीये."

"बस, एवढंच?" त्यांनी भावाकडे बघितलं. "लबाडा!"

फुलंब्रीकडच्या माणसाची बदली समुद्रावर होणं म्हणजे उंटाला होडीत बसवण्यातला प्रकार. पण बंदर खात्यातल्या शिपायाला कोण विचारतो? वडील आधी देवगडला गेले, त्यांच्या मागं दोन पोरं आणि भांड्यांचं पोतं घेऊन आई गेली. विहिरीपेक्षा मोठं पाणी त्या माउलीनं कधी पाहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी इतकं पाणी बघून तिला हरखून गेल्यासारखं झालं. तिनं दादाला घागर भरून आणायला लावलं आणि त्याच पाण्यात डाळ शिजायला घातली.

"मग?" सोनियानं विचारलं. तिचा दारातला हात कधी खाली आला, तिला कळलंही नाही.

"मग काय? डाळ काही शिजंना. आईनं वरून आनखी मीठ घातलं. बाबानं घास घेतला अन् जे उठला, ते थेट शेजारच्या आडावर!"

ऋतुराज हसला. काकासाहेबांच्या तोंडाचा डावा कोपरा किंचित वर गेला. मंजुळाबाईंनी तो बघितला, पण बघितलं असं दाखवलं नाही.

त्या सांगत राहिल्या. आईला समुद्राची एवढी धास्ती बसली की घराचं त्या बाजूचं दार तिनं कायमचं लावून टाकलं. पण पोरांना दार कशाला लागतं? शाळा सुटली की दप्तरं भंडाऱ्याच्या माडाखाली फेकायची आणि जेट्टीवरून उड्या मारायच्या. पोहायला कुणी शिकवलं नाही. ढकललं आणि आलं. सुटणाऱ्या होडीच्या दोराला लोंबकळत खाडीच्या मध्यापर्यंत जायचं, मग हात सोडून परत यायचं. एकदा दादा परत येईना म्हणून मंजुळा रडत बसली, तर हा पठ्ठ्या दुसऱ्या होडीतून भाजलेला बांगडा खात आला. घरात कांदा-लसूणसुद्धा चतुर्थीला न खाणारी माणसं! आईनं वास विचारला तर म्हणाला, "शाळेत ओल्या फडक्यानं फळा पुसला."

"अप्पा?" ऋतुराज खुर्ची ओढून बसला. "मासा? तुम्ही?"

काकासाहेबांनी डोळे मिटून घेतले. पण ते झोपेचं मिटणं नव्हतं.

"अन् हे बघ." मंजुळाबाईंनी लुगड्याचा काठ गुडघ्याच्या वर घेतला. गुडघ्याखाली वेडावाकडा पांढरा वण होता. "आई मरेस्तोवर शाळेच्या पायऱ्यांना शिव्या देत ऱ्हायली. शाळेला पायऱ्याच नव्हत्या."

तो वण कालवांचा होता. ओहोटीला खडक उघडे पडत, त्यांना कालवं, म्हणजे धारदार कडांचे शिंपले, चिकटलेली असत. ती टोच्यानं सोडवायची तर खाली वाकून, समुद्राकडे पाठ करून बसावं लागे. शेजारची भागूबाई गाबतीण, म्हणजे तिकडची कोळीण, पोरांना सोबत न्यायची, पण तिची एक अट असायची. एकानं वरच्या खडकावर राखणीला बसायचं, लाटेवर डोळा ठेवून. मोठी लाट उठली की त्यानं लांब हाळी द्यायची, 'हूऽऽ'. हाळी ऐकली की खालच्यानं वळून बघायचं नाही. जो बघायला वळला, तो गेला. हातातलं टाकून सरळ समोरच्या खडकावर चढायचं आणि तिथंच थांबायचं. लाट मागं सरली की राखण्या दोनदा तोडून ओरडायचा, 'हू, हू'. त्यानंतरच उतरायचं. "दर्याक पाठ दाखवूची तर पाठीक डोळो होयो," भागूबाई म्हणायची.

मंजुळा कालवं काढायची आणि दादा तिचा पाठीचा डोळा असायचा. फक्त एकदा तिनं वळून बघितलं होतं, तोच तो वण.

वडिलांची बदली परत इकडे झाली तेव्हा दोघंही एसटीत तोंड फिरवून बसली होती. त्यानंतर समुद्र कधी दिसला नाही. लग्नं, शेती, पोरंबाळं, आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी. या गावात बादलीभर पाण्याचा हिशोब ठेवताना कुणाला उधाणाच्या गोष्टी सांगणार? माणसं हसली असती.

सांगता सांगता मंजुळाबाईंनी खाटेच्या काठावरच्या त्या मुठीकडे बघितलं आणि एकदम त्यांच्या लक्षात आलं. दादाला पुढं पडायची भीती नव्हती. न्हाणीच्या दारात तो मागच्या मागं पडला होता. त्याला मागचं दिसत नव्हतं.

त्या उठल्या. वॉकर आणून त्यांनी भावासमोर ठेवला आणि स्वतः त्याच्या मागं भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"आत्या..." सोनिया पुढं झाली.

"तू समोर ऱ्हा बाई. ऋतुराज, तू त्या कमजोर बाजूनं. हात लावायचा नाय, नुसतं तयार ऱ्हायचं." मग त्या भावाच्या पाठीशी बोलल्या. "दादा, मागं मी हाय. लाट आली तर मी सांगन. तू वळून नको बघू. बघशील तर माझ्यावानी गुडघा फोडून घेशील."

काही झालं नाही. खालच्या गल्लीत भाजीवाल्याची आरोळी होऊन गेली. काकासाहेबांची पाठ हलत नव्हती. मंजुळाबाईंना वाटलं, आपण वेड्यासारखं काहीतरी करतोय. पोरं काय म्हणतील? सत्तरीला टेकलेल्या दोन म्हाताऱ्यांचा हा काय खेळ!

मग डाव्या हाताची बोटं काठावरून सुटली. ती वॉकरच्या दांड्यावर आली. ऋतुराजनं त्यांचा उजवा हात उचलून दुसऱ्या दांड्यावर ठेवून दिला. काकासाहेब अर्धे उठले, लटपटले, परत बसणार असं वाटलं. मग उभे राहिले.

"चल," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या. "ओहोटी हाय. लई येळ हाय आपल्याकडं."

डावा पाय पुढं गेला. उजवा फरशीवरून ओढत त्याच्या मागं आला. खोलीच्या उंबऱ्याशी शरीर मागं कललं, तशी मंजुळाबाईंनी पोटातून लांब हाळी दिली, "हूऽऽ!" सोनिया दचकली. शेजारच्यांच्या दाराची कडी वाजली. काकासाहेब मात्र होते तिथं थांबले, वॉकरवर भार टाकला आणि तोल पुढं घेतला. वळून बघितलं नाही. "हू, हू," मंजुळाबाई म्हणाल्या, आणि पाऊल पुढं पडलं.

असं करत ते बाहेरच्या खोलीतून गॅलरीपर्यंत पोचले. तिथल्या खुर्चीत बसवलं तेव्हा सदरा घामानं भिजला होता. ते गल्लीकडे बघत राहिले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण एका बाजूनं निसटणारं ते पाणी रडण्याचं की आजाराचं, हे कळायला मार्ग नव्हता. मंजुळाबाईंनी पदरानं पुसून टाकलं. त्यांना स्वतःला रडू आवरत नव्हतं, त्यात कसलीच शंका नव्हती.

ऋतुराजनं बाजूला होऊन फोन लावला. "ते उद्याचं राहू द्या. नाही, दुसरीकडून नाही घेतला. बघू पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात काय होईल, हे कुणालाच माहीत नव्हतं. एका चालण्यानं लकवा जात नसतो, हे मंजुळाबाईंनाही कळत होतं. पण पलंग उद्या तरी जिना चढणार नव्हता. त्यांनी पिशवीतल्या भाकरी आणि वांगी सोनियाच्या हवाली केली, दोन घास खाल्ले आणि उन्हं कलायला लागली तशा निघाल्या. घरी म्हैस वाट बघत होती.

"दादा, मंगळवारी येते परत," त्या गॅलरीपाशी जाऊन म्हणाल्या. काकासाहेब 'हं' म्हणाले.

जिना उतरून त्या गल्लीत आल्या. गुडघे दुखत होते. रिक्षा कोपऱ्यावर मिळते म्हणून रस्त्याच्या मधूनच त्या सावकाश निघाल्या. गल्लीत पोरांचा क्रिकेटचा गोंगाट होता, कुठंतरी मिक्सर चालू होता आणि मंजुळाबाईंचे कान पहिल्यासारखे राहिले नव्हते. मागं अपार्टमेंटमध्ये पाणी उतरवून रिकामा झालेला टँकर उलटा येत होता, हे त्यांना समजलं नाही.

"हूऽऽ!"

आवाज घोगरा होता, मध्येच फाटलेला. पण लांब होता.

मंजुळाबाईंनी वळून बघितलं नाही. पिशवी टाकली आणि समोरच्या घराच्या ओट्यावर चढल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी कशा चढल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. भिंतीकडे तोंड करून त्या तशाच उभ्या राहिल्या. पाठीमागून टँकर घरघरत गेला, पायांवर पाण्याचे चार थेंब उडाले. ड्रायव्हर काहीतरी ओरडला. खेळणारी पोरं थांबून बघायला लागली.

"आजी, गेला टँकर. उतरा खाली," त्यातलं एक पोरगं म्हणालं.

मंजुळाबाई हलल्या नाहीत. भिंतीवर हात ठेवून, श्वास धरून त्या थांबल्या होत्या. गॅलरीत काही हालचाल चालली असावी, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वरून एक तुटका 'हू' आला. त्याच्यामागं बराच वेळ काहीच नाही.

मग दुसरा आला.

मंजुळाबाई ओट्यावरून उतरल्या, पिशवी उचलली आणि मागं न बघता कोपऱ्याकडे चालायला लागल्या.