रिकामी फ्रिक्वेन्सी

आकडा एका दशांशाने पुढे सरकला की खरखरीचा पोत बदलत होता. आधी जाड वाळू, मग बारीक. फोनचा आवाज गाडीच्या रेडिओवर आणणाऱ्या, लायटरच्या खाचेत बसवलेल्या एफएम ट्रान्समीटरच्या बटणावर धाकटीने बोट स्थिर ठेवलं.

"सोड ना. फोनवरच बोलू," स्टिअरिंगमागून दादा म्हणाला. गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती. डॉक्टरांचा फोन कोणत्याही क्षणी येणार होता.

"फोन कानाला लावला की आईचं ऐकायचं यंत्र शिट्टी मारतं."

"मी सांगतो की तिला. रोज सांगतोच."

बाबा व्हेंटिलेटरवर गेल्यापासून रोज हॉस्पिटलच्या वाटेवर डॉक्टर गाडीच्या या स्पीकरवर बोलत, आईला त्यातलं काही कळत नसे, आणि दादा मागे वळून मोठ्याने सांगे, "थोडा फरक आहे, आई." धाकटी आजच परगावाहून आली होती.

"कालचा डॉक्टर बोलत होता की काही तळत होता, देव जाणे," मागच्या सीटवरून आई म्हणाली.

धाकटीने जिथे एकही स्टेशन लागत नव्हतं अशा आकड्यावर रेडिओ नेला आणि ट्रान्समीटर त्याच आकड्याला जुळवला. मग फोन पाहिला. फोनचा आवाज अगदी तळाला होता, रेडिओचा शेवटपर्यंत चढवलेला. अशाने नुसती खरखर वाढते. लहानपणी तिला रेडिओ जोडायला दादानेच शिकवलं होतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो स्टिअरिंगच्या शिवणीतला दोरा नखाने उसवत होता.

"तिला झेपणार नाही गं," तो पुटपुटला.

तिने फोनचा आवाज चढवला, रेडिओचा उतरवला. फोन वाजला.

डॉक्टरांचा आवाज इतका स्वच्छ आला की त्यांच्यामागे कुणी सरकवलेली खुर्चीसुद्धा ऐकू आली.

"कालही म्हणालो, परवाही म्हणालो. मेंदू प्रतिसाद देत नाहीये. सुधारणा होणार नाही. श्वास फक्त मशीनचा आहे. ते काढायचं का, हे आता तुम्ही सांगायला हवं."

दादाचा हात रेडिओकडे गेला. आईने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू दे, बाळा. ऐकू येतंय मला."

तिने घसा साफ केला, दारात अनोळखी माणूस आला की करायची तसा.

"डॉक्टर, मी त्यांची बायको बोलतेय. आम्ही तासाभरात पोचतो. तोवर राहू द्या. मग काढा."