गालावरची दुहेरी टीप

मित्रांनो, मी एक जुना, बारीक टोकाचा ब्रश आहे. भिंती रंगवणारा नव्हे बरं, गाल रंगवणारा. आज माझे निम्मे केस झडले आहेत, दांड्यावरच्या लाल रंगाचे पोपडे निघाले आहेत आणि मी बटणांच्या डब्यात आडवा पडून असतो. म्हातारपणी सगळे आपले पराक्रम सांगतात. मी मात्र तुम्हाला माझी लाज सांगणार आहे. जरा जवळ सरकून बसा.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने चिमूटभर केस छोट्याशा वाटीत घातले आणि ती वाटी टेबलावर टकटक आपटली. प्रत्येक केस आपापल्या जागी बसला आणि टोक तयार झालं. कात्रीने कापून नव्हे, एकेक केस रचून झालेलं टोक आहे माझं. तिने मला उजेडात धरलं आणि शेजारणीला म्हणाली, "हे बघ, सुईला लाजवील." तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात गेलं. आपल्याला कुणी सुईच्या वर बसवलं की सुईकडे बघायची आपली नजर बदलते. माझीही बदलली. आणि देवाची करणी बघा, मी जाऊन पडलो नेमका एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हाती.

ती भिंगरीची आत्या. भिंगरी म्हणजे तिच्या दादाची सात वर्षांची मुलगी, एका जागी ठरत नाही म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणायचे. आत्याचं दुकान घराच्याच पुढल्या खोलीत होतं. खिडकीशी मशीन, भिंतीला कापडाचे तागे, गळ्यात कायम टेप. तर झालं असं, की शाळेत पालकांचा मेळावा ठरला. कोण काय करील, असं बाईंनी विचारताच भिंगरीने हात वर केला. "माझी आत्या सगळ्यांचे चेहरे रंगवील. तिला सगळं येतं."

घरी आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा आत्याच्या हातातली कात्री थांबली.

"अगं, मला विचारायचं तरी."

"तुला येतंच की."

"कधी बघितलंस मला चेहरे रंगवताना?"

"बघितलं नाही," भिंगरी म्हणाली, "पण येत असणार."

इतक्या विश्वासाने कुणी आपलं नाव घेतलं की नाही म्हणायला तोंड उघडत नाही. आत्याने दुसऱ्याच दिवशी रंगाच्या वड्यांची एक पेटी आणि मला विकत आणलं. आठवडाभर ती कागदावर फुलपाखरं काढत होती. कागद सपाट, कागद हसत नाही, मान वळवत नाही. फुलपाखरं झकास उतरली. मग कुणाचे तरी बारा झगे घाईने शिवायला आले आणि आत्याने मला पाण्याच्या पेल्यात डोक्यावर उभं करून ठेवलं. चार दिवस मी तसाच. माझ्या केसांवर माझाच भार. चौथ्या दिवशी माझं टोक गळासारखं वाकलं होतं आणि एक केस बाजूला फटकून उभा होता. मला ते कळत होतं. पण मनात म्हटलं, सुईला लाजवणारे आपण, सांभाळून नेऊ.

मेळाव्याच्या दिवशी मैदानात आमच्या टेबलापुढे मोठी रांग लागली. पहिला मान अर्थात भिंगरीचा. आत्याने काय केलं असेल? गळ्यातली टेप काढली आणि पोरीचे गाल मोजले. ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत इकडे साडेतीन इंच, तिकडेही साडेतीन. मग खडूने ठिपके दिले.

"आत्या, फ्रॉक शिवतेयस का?" भिंगरी खुदकन हसली.

"हलू नकोस. पंख लहानमोठे होतील."

मग तिने मला सुईसारखं चिमटीत धरलं, श्वास कोंडला, आणि हात हवेत अधांतरी ठेवून रेघ ओढली. रेघ थरथरली. आता शिवणारीचा हात तो. टीप एकदा घातली की ती उसवेल ही धास्ती, म्हणून वरून दुसरी घालायचीच. आत्याने त्याच रेघेवरून मला परत फिरवलं. मग तिसऱ्यांदा. केसाएवढी रेघ सुंभाएवढी झाली. माझा तो फटकलेला केस वेगळीच रेघ ओढत गेला, थेट भिंगरीच्या नाकापर्यंत.

रांगेतल्या एका मुलाने वाकून बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "हे वटवाघूळ आहे का?"

मागची एक आई आपल्या मुलीला म्हणाली, "चल, आपण आधी पाणी पिऊन येऊ." त्या दोघी परत आल्या नाहीत. हळूहळू सगळ्यांनाच तहान लागली. एक बाई जाताजाता बोलून गेली, "येत नाही तर बसायचं कशाला माणसाने?" आत्या मान खाली घालून पेटीचं झाकण पुसत राहिली. आणि मित्रांनो, माझी लाज इथे आहे. निम्मा दोष माझ्या वाकड्या टोकाचा होता आणि मला तो ठाऊक होता. तरी सगळे तिला नावं ठेवताना मला आतून हायसं वाटत होतं. चला, माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आत्या मला धुवायला नळावर घेऊन गेली. तिथे भिंगरी आधीच उभी होती. दोन्ही हातांनी गाल खसाखसा चोळत होती. अर्धं फुलपाखरू गळ्यावर ओघळलं होतं. आत्याला बघून तिचे हात थांबले.

"खाजत होतं," भिंगरी म्हणाली. जमिनीकडे बघून.

"हो का?" आत्या म्हणाली. "डोळ्यांत जाऊ देऊ नकोस हं."

एवढंच. आत्याने आपल्या पदराने तिचा गाल टिपला. दोघींनाही खरं ठाऊक होतं आणि दोघीही एकमेकींना सांभाळून घेत होत्या. एखादी शिवी परवडली असती. आत्याच्या मुठीत मी होतो, आणि ती मूठ किती घट्ट आवळली होती ते फक्त मला कळलं.

त्यानंतर पेटी कपाटावर गेली आणि मी परत पेल्यात, डोक्यावर. भिंगरी दुकानात यायची, गोष्टी सांगायची, पण रंगांचा विषय निघाला की तिला अचानक गृहपाठ आठवायचा. आत्याला टोचत होतं ते तेच. लोक हसले ते ती विसरली असती. पोरीने भर वर्गात आपल्यावर टाकलेला विश्वास मात्र तिला झोपताउठता आठवायचा.

असो. मूळ पदावर येऊ. एके दिवशी एक म्हातारे गृहस्थ पँट आखूड करायला आले. आयुष्यभर नाटकवाल्यांचे चेहरे रंगवलेले. पाकीट काढताना त्यांचे हात लटलट कापत होते. त्यांची नजर पेल्यातल्या माझ्यावर पडली.

"याला फाशी कुणी दिली?"

आत्याने सगळं सांगून टाकलं. टेप, खडू, दुसरी टीप, नळ, काहीही झाकलं नाही. त्यांनी मला कोमट पाण्यात धुतलं, साबण लावून बोटांनी माझं टोक वळवलं आणि आडवं निजवलं. मग म्हणाले, "कापडाला दुसरी टीप लागते, पोरी. गालाला नाही. चुकली रेघ तर चुकू दे, पुढे जा."

"पण हात थरथरतो, काका."

"माझ्याहून जास्त?" त्यांनी तिच्याच मनगटावर करंगळी टेकवली आणि मला उभं धरलं. "थरथर करंगळीला देऊन टाकायची, ब्रशला द्यायची नाही. श्वास सोडत रेघ सोडायची. दाबलं की जाड, उचललं की बारीक." आणि त्या कापऱ्या हातातून पाकळी उतरली, पोटात भरलेली, शेपटाला केसासारखी. "आणि मोजायचं कशाला? देवाने कुणाचेही दोन गाल सारखे केलेले नाहीत. त्याच्या कामावर आपण काम करतो आहोत, तेव्हा जरा नमून बसावं."

त्या दिवसापासून आत्या रोज दुपारी अर्धा तास आपल्या गुडघ्यावर सराव करू लागली, कारण गुडघा गालासारखा गोल असतो. रंगात पाणी किती, तर साईसारखा होईपर्यंत. शंभर पाकळ्या, मग पुसायच्या. पुन्हा शंभर. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह झाला की ती स्वतःच्याच हातावर चापट मारायची. मीही, जमेल तेवढं, सरळ राहायला शिकलो.

दोन महिन्यांनी तिने भिंगरीला समोर बसवलं. "त्या दिवशी तुला खाजत नव्हतं. फुलपाखरू वाईट झालं होतं. मला येत नव्हतं आणि मी तुला तसं सांगितलं नाही. चुकलं माझं."

भिंगरीचे कान लाल झाले. "मी खोटं बोलले."

"माझ्यासाठी बोललीस. आता बसतेस परत?"

भिंगरीने बराच विचार केला. मग गाल नव्हे, उजवा हात पुढे केला. "आधी यावर."

आत्याने करंगळी टेकवली, श्वास सोडला. एकच रेघ, मग एकेक पाकळी. दुसरी टीप नाही. एक पंख जरासा मोठा झाला, तो तिने तसाच राहू दिला. भिंगरी हात हवेत धरून घरात गेली.

जेवायला बसल्यावर तिच्या बाबांनी विचारलं, "हात धुतलेस का?"

"एक धुतलाय," भिंगरी म्हणाली आणि डाव्या हातात चमचा घेतला.

आत्या वाढता वाढता उठली आणि दुकानात येऊन उगाच माझ्याजवळ उभी राहिली. मला पुन्हा एकदा धुतलं, टोक वळवलं, आडवं ठेवलं.

मित्रांनो, ब्रश असो की माणूस, काम झालं की त्याला डोक्यावर उभं करून विसरू नका. धुवा, निजवा, विसावा द्या. आणि कुणी विश्वासाने आपला गाल तुमच्यापुढे धरला, तर येत नसेल ते आधी सांगा. माझ्यासारखं दुसऱ्याच्या आड लपू नका. मला ते सांगायला हे म्हातारपण लागलं.