एक जादा काना

डेपोच्या लांब भिंतीवर चित्र काढायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरात वाद झाला तो एका तोंडावरून. चित्र बसचं होतं. खिडकीखिडकीत गावातली माणसं बसलेली: काळी, गोरी, गव्हाळ, सगळी एकाच गाडीत. पण अगदी मधल्या खिडकीत कोण?

"अप्पा," सूनबाई म्हणाली.

अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे व्याही. ते पुलापलीकडचे. पुलापलीकडची माणसं रंगाने काळीभोर, केस आवळून विणल्यासारखे कुरळे. आम्ही अलीकडचे, गव्हाळ. माझ्या मुलाने पूल ओलांडून हिच्याशी लग्न केलं तेव्हा दोन्ही काठांवर लोकांनी नाकं मुरडली. मुरडून मुरडून दुखायला लागली, मग आपोआप सरळ झाली.

"ते बसतील का चित्रासाठी?" माझी बायको म्हणाली. "डेपोचं नाव काढलं तरी उठून जातात."

त्याला कारण होतं. व्याहींनी सगळी उमर त्या डेपोत हमाली केली. त्यांच्या तरुणपणी पुलापलीकडच्या माणसाला गाडीत बसू देत नसत. टपावर, ट्रंका आणि पोत्यांमध्ये बसायचं. कंडक्टर खालून ओरडायचा, "वरचं सामान चढलं का?" त्यात हीही माणसं आली. पुढे तो नियम गेला, पण जीभ गेली नाही. खाली गाडीत बसले तरी, हमाली करताना तरी, हाक तीच: ए सामान, इकडे ये. ए सामान, सरक. हमाली सोडली त्या दिवसापासून व्याहींनी डेपोच्या फाटकात पाय ठेवला नव्हता.

सूनबाईने त्यांना आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि विचारलं. त्यांनी आपले तळहात उलटसुलट करून पाहिले.

"काढ," ते म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो, पोरी. त्या भिंतीवरून मला कुणी टोमणा मारला, तर भिंत पांढरी करायची. सगळी. त्या फाटकात माझ्या तोंडाचं पुन्हा हसं मी होऊ देणार नाही."

तिने कबूल केलं. डेपोच्या मॅनेजरसाहेबांनीही कबूल केलं. किंबहुना साहेबांना ते बरंच वाटलं. "तुमच्या व्याहीबुवांचा शब्द शेवटचा," ते म्हणाले. "मला काय, भिंत स्वच्छ असली म्हणजे झालं." साहेब माणूस वाईट नव्हता, पण भांडणापासून चार हात लांब राहायचे.

मग काम सुरू झालं. माणसं सूनबाईने रंगवली. बसचं अंग केलं ते भुऱ्याने. भुऱ्या फरशा बसवणारा. रंगाने इतका गोरा की उन्हात तासभर राहिला की नाक सोलून निघायचं. त्याचे लोक बंदराकडून आलेले. घराघरांत काम करताना उरलेले, फुटलेले फरशांचे तुकडे तो पोत्यात भरून ठेवायचा, आणि ते जुळवून त्याने भिंतीवर अशी बस उभी केली की खऱ्या गाड्या तिच्यापुढे आजारी दिसू लागल्या.

"तुझ्या गाडीला पंक्चर होणार नाही," मी म्हटलं.

"आणि वेळेवरही सुटणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे डेपोचीच झाली की!"

अक्षरं माझ्याकडे. पाट्या रंगवण्यात माझा जन्म गेला. मी वाचायला उशिरा शिकलो. त्याआधी कुणीतरी खडूने काढून द्यायचं आणि मी रंग भरायचो. काय लिहिलंय ते लोकांच्या तोंडून कळायचं. पण तेव्हापासून एक सवय लागली ती राहिली. दोन अक्षरांमध्ये मी जागा सोडतो. अक्षरांना हवा लागली पाहिजे. बसच्या टपाच्या वर, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी निळ्या रंगात तीन शब्द लिहिले: आपण सगळे समान. शिडीवरून उतरून लांब जाऊन पाहिलं. चांगलं झालं होतं. स्वतःचं काम चांगलं झालं की ते म्हणायला लाजू नये.

उद्‌घाटनाच्या दिवशी सकाळी मी आणि सूनबाई डेपोत पोचलो, तर भिंतीपुढे ड्रायव्हर, कंडक्टर आणि प्रवासी यांचा घोळका. भुऱ्या एकटा भिंतीला पाठ लावून उभा, जणू भिंत पळून जाणार होती. त्याचं तोंड ऊन नसतानाही लाल झालं होतं.

घोळक्यात सगळ्यांत पुढे टिकटिक. हा कंडक्टर तिकिटाचा पंच सतत वाजवत फिरायचा, म्हणून हे नाव. तो मोठ्याने वाचत होता, "आपण... सगळे... सामान!" आणि दर वेळी पंच वाजवत होता.

मी वर पाहिलं. स आणि मा यांच्यामध्ये मी जी हवा सोडली होती, तिथे कुणीतरी एक काना ठोकला होता. लाल, जाड, वाकडा, खाली ओघळ आलेला. बाकी कशाला हात लावला नव्हता. एवढ्या भिंतीवर एक रेघ, आणि सगळ्या भिंतीचा अर्थ पालटला होता.

"कुणी केलं?" सूनबाईचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"मला काय ठाऊक?" टिकटिक म्हणाला. "मी फक्त वाचतोय. वाचायला बंदी आहे का?"

"वाचायला नाही," भुऱ्या म्हणाला. "दात काढायला आहे."

"बाबा, शिडी आणा," सूनबाई मला म्हणाली. "अप्पा यायच्या आत तो काना खरवडून काढा."

मी शिडी आणायला वळलो आणि थांबलो. फाटकातून मॅनेजरसाहेब येत होते, मागे चुन्याची बादली घेतलेला शिपाई. त्यांना बातमी आधीच लागली होती. आणि त्यांच्याही मागे माझी बायको येत होती, हातात चहाची किटली. तिच्या शेजारी धुतलेल्या सदऱ्यात, गळ्यापर्यंत बटणं लावून, व्याही.

डेपोच्या फाटकात ते क्षणभर थांबले. खाली बघितलं, एक पाय आत ठेवला, मग दुसरा. घोळका बाजूला झाला. टिकटिकच्या हातातला पंच बंद पडला.

व्याहींनी आधी चित्र पाहिलं. खिडकीतल्या स्वतःच्या तोंडासमोर ते उभे राहिले. "नाक जरा मोठं काढलंस," ते म्हणाले.

"आहेच मोठं, अप्पा."

"तुझ्या आईचं म्हणणंही तेच होतं." मग त्यांनी मान वर केली. त्यांना वाचता येत नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. "वर काय लिहिलंय?"

सूनबाई माझ्याकडे बघायला लागली. तिच्या नजरेत काय होतं ते मला कळलं. एक शब्द, आणि भिंत वाचली. मीच लिहिलेला शब्द, मी वाचला तर त्यात खोटं काय?

"आपण सगळे समान," मी वाचलं.

व्याही हसले नाहीत. त्यांनी हात उचलून बोट दाखवलं, सरळ त्या शेवटच्या शब्दाकडे. "पेंटरबुवा, तो शब्द मला येतो. तेवढा एकच येतो. ज्या खोलीतून मी उभा जन्म ओझी काढली, तिच्या दारावर तोच होता. अक्षरं येत नाहीत मला, पण त्याचं रूप ओळखतो. सामान."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी घसा खाकरला. "अप्पा, शब्द म्हणजे शब्द. कबूल केल्याप्रमाणे..." त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायाने बादली खाली ठेवली आणि कुंचला चुन्यात बुडवला.

"थांबा," व्याही म्हणाले. "पेंटरबुवा, आता खरं वाचा. त्याच्या आधी काय आहे?"

"आपण सगळे."

"सगळे? ते कुणी लिहिलं?"

"मी."

"आणि ज्याने हे केलं, त्याने ते पुसलं नाही?"

"नाही. त्याने फक्त एक काना वाढवला."

व्याहींनी पुन्हा वर पाहिलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. सूनबाईलाही तसंच वाटलं, ती पुढे धावली. पण ते हसत होते. आधी आतल्या आत, मग तोंड उघडून, मग गुडघ्यांवर हात टेकून.

"अरे काय पण गाढव आहे!" ते म्हणाले. "मला सामान म्हणायला गेला आणि स्वतःच टपावर चढून बसला! सगळे म्हणजे तोही आलाच की! साहेब आले, हा आला." त्यांनी टिकटिककडे वळून बघितलं. "काय रे, तू कोण? ट्रंक का वळकटी?"

घोळक्यातून कुणीतरी खुसकन हसलं. टिकटिक इकडे तिकडे बघू लागला. "मी कशाला... मी आपला कंडक्टर."

"ते खाली. वर कोण?"

"बेवारस पिशवी!" मागून एक ड्रायव्हर ओरडला, आणि सगळा डेपो हसला. माझी बायको किटली सावरत म्हणाली, "साहेब म्हणजे पेटी असतील. कुलूप लावलेली." साहेबांनाही हसू आवरलं नाही, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं.

एक सूनबाई हसली नाही. "अप्पा, मला ते चालणार नाही," ती म्हणाली. "मी विनोद रंगवला नाही. ज्या नावाने तुम्हाला आयुष्यभर हाका मारल्या, तेच तुमच्या डोक्यावर ठेवून मी फीत कापू? मी समान लिहायला सांगितलं होतं."

हसू थांबलं. तिचं बरोबर होतं, आणि ते सगळ्यांना कळलं.

व्याही तिच्याजवळ गेले. "पोरी, आजवर ते माझ्या एकट्याच्या डोक्यावर होतं. हमालाला एक गोष्ट ठाऊक असते. पेटी एकट्याने उचलली तर मान मोडते, चौघांनी धरली तर बोलत बोलत नेता येते. त्याने ती चौघांत वाटली. न कळत वाटली, पण वाटली."

"आणि समान?"

"ते कसं दिसतं, मला काय माहीत? मला एकच शब्द येतो म्हटलं ना." ते माझ्याकडे वळले. "काना काढला की ते होतं?"

"हो. त्या लाल रेघेवर हात ठेवला की झालं."

"शिडी धरा."

"अहो व्याही, या वयात..." माझी बायको म्हणाली.

पण ते निघालेच. आयुष्यभर बसच्या मागच्या शिडीवरून टपावर चढलेला माणूस. गुडघे कुरकुरले असतील, हात विसरले नव्हते. मी आणि भुऱ्याने शिडी दोन्हीकडून धरली. वर पोचून त्यांनी आपला काळा रुंद तळवा त्या लाल कान्यावर सपाट ठेवला.

"वाच," त्यांनी वरून हुकूम केला.

"आपण सगळे समान," सूनबाईने वाचलं.

व्याहींनी हाताच्या आजूबाजूची निळी अक्षरं न्याहाळली, जवळून, नाक लागेल इतक्या जवळून. मग हात काढला.

"आता?"

"सामान!" घोळका ओरडला. हात ठेवला. "समान!" काढला. "सामान!" गाडीची वेळ झालेले प्रवासीसुद्धा जागचे हलेनात. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर त्यालाच गप्प केलं.

"दोन शब्द झाले माझे," व्याही म्हणाले.

सूनबाई मागे मागे चालत गेली, चित्र बघताना जाते तशी, थेट फाटकापर्यंत. तिथून तिने वडिलांकडे, त्या हाताकडे, ओघळलेल्या लाल रेघेकडे पाहिलं. परत आली तेव्हा तिच्या चालीत फरक होता. माझी सून ठरवते तेव्हा आधी टाचा ठरवतात.

"बाबा, कान्याला हात लावू नका," ती मला म्हणाली. "त्याला निळाही करू नका. सरळही नाही. त्याच्याच रंगात राहू दे, ओघळासकट. बघणाऱ्याला कळलं पाहिजे की आम्ही काय लिहिलं होतं आणि मध्ये काय घुसवलं."

"आणि वाचायचं काय?" साहेबांनी विचारलं.

"ज्याला जे वाचायचंय ते वाचू दे. दोन्ही खरं आहे."

"म्हणजे तक्रार नाही? लिहून... नाही, नको, नुसतं सांगा."

"भिंत राहील," व्याही वरून म्हणाले. "माझं तोंडही राहील. नाकासकट."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. चुना कालवलेला वाया कशाला घालवायचा, म्हणून शिपायाला त्यांनी मुतारी पांढरी करायला पाठवलं. डेपोच्या इतिहासात ती पहिल्यांदाच रंगली, आणि त्याचं श्रेय तो लाल काना ठोकणाऱ्यालाच द्यावं लागेल.

टिकटिक शिडीजवळ आला. भुऱ्याचा पाय शिडीच्या बुडाशी घसरत होता. टिकटिकने पंच खिशात टाकला आणि मधली पायरी धरली. भुऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग जरा सरकून जागा दिली.

माझ्या बायकोने कप भरायला घेतले होते. "व्याहीबुवा, खाली या आता! चहाचं पाणी होतंय!"

"गडबड करू नका, विहीणबाई," व्याही एकेक पायरी चाचपत म्हणाले. "सामान उतरवायला वेळ लागतो."