तीन गुणिले साठ गुणिले साठ

"काका, हे काय आहे?" दार उघडताच तिने छापील कागद पुढे केला.

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "आधी आत तर ये. आज तुझा सत्कार ना?"

होता. संध्याकाळी पाचला. नवजात बाळांना नळीतून दूध देणारा तिचा पंप बारा वर्षांत एकदाही चुकला नव्हता, म्हणून. भाषणात सांगायला काही सापडेल या आशेने तिने सकाळी प्रोग्रॅममधल्या बदलांची जुनी नोंद उघडली, आणि पायांखालची जमीनच सरकली.

नोकरीचा तिसरा आठवडा होता तो. दूध दर तीन तासांनी द्यायचं, म्हणून तीन तासांचे सेकंद लिहायचे होते. तिने बाईसाहेबांच्या थाटात तोंडी गुणाकार करून थेट उत्तर ठोकलं: १८०००. हवे होते १०८००. दोन आकड्यांची अदलाबदल, आणि बाळं पाच-पाच तास उपाशी!

त्याच संध्याकाळी, ऑफिसात तिचं काम तपासणाऱ्या काकांनी ते खोडून '३ × ६० × ६०' लिहिलं होतं. शेजारी शेरा: 'वाचायला सोपं केलं.' चुकीबद्दल चकार शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी तिने वर तोऱ्यात विचारलं होतं, "दर वेळी गुणाकार करण्यात पंपाचा वेळ नाही का जाणार?"

"छे गं! आकडे सगळे ठरलेलेच आहेत. आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवतानाच कंपायलर गुणाकार उरकून टाकतो. पंपाला मिळतं ते तयार उत्तर. कंपायलरला राबू दे. आपण माणसाला कळेल असं लिहावं."

म्हाताऱ्याला आकडेमोडीचा कंटाळा, असं म्हणून ती मनात हसली होती. आज ते हसू आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तेव्हाच का नाही सांगितलंत? बारा वर्षं मी मिरवतेय!"

"चूक पंपापर्यंत पोचलीच नव्हती. मग बोभाटा कशाला?"

"काका!"

काकांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. "तोरा वरवरचाच होता तुझा. टेबलावर राजीनामा पडला होता गं. नुसती तारीख घालायची राहिली होती. मी बोललो असतो, तर तू ती घातली असतीस."

तिला रडू आवरेना. "फार उपकार झाले हो तुमचे," एवढंच म्हणाली, आणि डोळे पुसून उठली. "चला, शर्ट बदला."

"मी कशाला तिथे?"

"चला म्हणते ना!"

पाच वाजता भरल्या सभागृहात तिने आपली चूक आकड्यासकट सांगितली. पहिल्या रांगेत काका मान खाली घालून त्या छापील कागदाची घडी घालत होते, उलगडत होते, पुन्हा घालत होते.