दहावा माणूस

ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचं, सिनेगॉगचं दार कित्येक महिन्यांनी उघडलं होतं आणि दारात तापमापी घेऊन ती उभी होती. पेशाने नर्स, त्यामुळे हे काम आपसूक तिच्याच गळ्यात पडलं. आत दूर दूर मांडलेल्या खुर्च्यांवर तिच्या धाकट्या भावासकट नऊ पुरुष होते. दहावा पुरुष आल्याशिवाय कद्दिश, गेलेल्या माणसामागे म्हणायची प्रार्थना, म्हणता येत नाही. बाबा गेले तेव्हा कोरोनामुळे दहा जण जमायलाच बंदी होती. तेव्हा राहून गेलेली कद्दिश आज म्हणायची होती.

भाऊ डोकावला. "आले का गं?"

"येतील. जगाची घड्याळं दुरुस्त करतात, स्वतः तेवढे उशिरा."

तेवढ्यात घड्याळकाका आलेच. बाबांचे जिवाभावाचे मित्र. त्यांचा हात आपोआप चौकटीवरच्या मझुझाकडे, पवित्र वचन जपणाऱ्या त्या छोट्या डबीकडे गेला. तिला शिवून बोटं ओठांना लावायची, ही जन्माची सवय.

"काका, हात खाली! आज लांबूनच."

"बरं, हवालदारीणबाई!"

ताप नव्हता. तिने त्यांच्या तळव्यावर सॅनिटायझर ओतलं. त्याच्या भपकाऱ्याने सकाळपासून प्रत्येकाने नाक मुरडलं होतं. काकांनी मास्क खाली करून तळवा हुंगला.

"कमिटीने पाणी भरलंय की काय यात? कंजूष लेकाचे! वासच नाही."

तिने बाटली खाली ठेवली.

"काका, सकाळच्या चहाला चव होती?"

"छे, नुसतं गरम पाणी. तुझी काकू हल्ली..." ते मध्येच थांबले. मास्क वर ओढून हळूच म्हणाले, "ताप नाही ना पोरी? कोपऱ्यात बसतो. तुझ्या बाबासाठी."

बाकी कुणी ऐकलं नव्हतं. तिने नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. पुढे पंच्याहत्तरीचे धर्मगुरू पुस्तक उघडून वाट पाहत होते. त्यांच्या शेजारची बाबांची खुर्ची रिकामी ठेवली होती.

"घरी जा काका. काकूपासून वेगळ्या खोलीत राहा. तपासणीचं मी बघते."

भाऊ धावत आला. "वेड लागलंय का तुला? बाबांची कद्दिश आहे!"

"माहीत आहे."

"ताप नाही ना त्यांना?"

"वास येत नाहीये."

भाऊ वळून आत धर्मगुरूंकडे गेला. काका एक पायरी उतरले, वळले.

"बापावर गेलीस. त्यानेही मला हाकललंच असतं."

आत स्तोत्र सुरू झालं. त्याला दहा जण लागत नाहीत. काका रस्त्याच्या वळणाआड जाईपर्यंत ती दारातच उभी राहिली. मग तिने दाराची कडी पुसायला घेतली.